तिसरा हात

सासूबाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी चारला एकच सूचना यायची: मेमरी अपुरी आहे, चालू प्रोग्रॅम बंद करा. जावईच कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, त्यामुळे काखेत कळसा असताना त्या गावाला वळसा कशाला घालतील?

मी यादी उघडली. चालू होता तो फक्त पत्त्यांचा जुना खेळ. सगळी मेमरी त्यानेच खाल्ली होती. बंद केला, तर दोन मिनिटांत पुन्हा उघडला. मग मुळासकट काढून टाकला, तरी यादीत नाव हजरच.

"राहू द्या की त्याला, जावईबापू," चहा गाळता गाळता सासूबाई म्हणाल्या.

"कोणाला?"

"चारला खेळायला येतो तो. दोघांचाच डाव, पण काय रंगतो म्हणून सांगू. पक्का लबाड आहे, तरी हरला की रुसत नाही."

मला हसू आलं. म्हटलं, आता मेमरीची पट्टीच काढतो आणि खोडरबराने घासून साफ करतो. कॉम्प्युटरच्या आणि स्क्रीनच्या, दोन्ही वायरी भिंतीतून उपसल्या, डबा उघडला, पट्टी बाहेर काढली.

तेवढ्यात चार वाजले. सासूबाईंनी लगबगीने खुर्ची पुढे ओढली.

"आलास? बस," त्या लाडाने म्हणाल्या.

मी मान वर केली. पट्टी माझ्या मुठीत होती, वायरी पायाशी पडल्या होत्या आणि स्क्रीनवर भराभर पत्ते वाटले जात होते.

आज ते तिघांना वाटले होते. तिसऱ्या हाताखाली लिहिलं होतं: जावईबापू.