उरलेल्या गोळ्यांचा डबा

प्रयोगशाळेच्या खिडकीशी डॉक्टरबाईंनी झाकण घट्ट लावलेली बशी उजेडात धरली. आत जंतूंचा पांढुरका थर होता आणि त्यावर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या.

"औषध लागू पडलं की टिकलीभोवती मोकळं रिंगण उठतं," त्या काकूंना म्हणाल्या. "इथं दिसतंय का कुठं?"

काकूंनी चष्मा सावरला. जंतू टिकल्यांना खेटून बसले होते, औषध गेलं उडत. कडेच्या एकीभोवती तेवढं बारीकसं रिंगण होतं.

"काकांच्या रक्तात हेच जंतू आहेत. आता हे एकच औषध उरलंय, आणि ते मूत्रपिंडांना फार जड जातं. हेही चाललं नाही, तर माझ्या हातात काही नाही."

काकूंनी पिशवीतून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत रबर लावलेल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. दुखणं उतरलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या डब्यात टाकायच्या. चांगल्या वस्तूची नासाडी काकूंना कधी सोसलीच नाही. काकांना नुसती शिंक आली तरी डबा उघडायचा. शेजारीपाजारीही हक्कानं मागायला यायचे. सगळी मायाच होती ती.

"यातली एखादी चालते का बघा ना."

डॉक्टरबाई एकेक पट्टी उलटून नाव वाचत गेल्या आणि बशीतल्या एकेका टिकलीवर बोट ठेवत गेल्या. कडेच्या टिकलीपर्यंत बोट पोचलंच नाही. काकूंना कळायचं ते कळलं.

"म्हणजे मीच..."

"तुम्ही एकट्या नाही, काकू. आम्हीही ही औषधं सढळ हातानं दिलीत. औषधातूनही एखादा जंतू तगतो. तगायची युक्ती त्याच्या जनुकात असते, आणि ती तो शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतो."

"शेजारच्यालाही?" काकूंनी विचारलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मास्क, हातमोजे चढवून काकू काकांच्या खोलीत गेल्या. डबा बाहेरच ठेवावा लागला. काका तापानं फणफणले होते. चाहूल लागताच त्यांनी डोळे किलकिले केले.

"डबा आणलास?"

"आणलाय."

"मग दे की त्यातली एक. या लोकांना काही सुधरत नाहीये."

काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. हातमोज्यातून ताप नीट कळेना.

काकांनी डोळे मिटले आणि आ केला.