रिकाम्या खाटेचं शून्य

ज्या वर्षी धाकट्याचं लग्न ठरून मोडलं, त्याच वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीने वडिलांच्या, आप्पांच्या, खाटेचा वजनकाटा केला.

"अख्ख्या खाटेचा?" आप्पा खुर्चीतून म्हणाले. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"पोतं परवडलं. ते बोलत नाही," थोरली खाटेखालून म्हणाली.

आप्पांचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठायचं. डॉक्टरांनी थोरलीला खोलीबाहेर नेऊन सांगितलं होतं, रोज सकाळी वजन बघा. वाढलं तर पाणी चढतंय असं समजा आणि मला कळवा, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी वाढवू. त्यांना मात्र यातलं काही सांगू नका, धास्ती घेतील.

साध्या यंत्रावर आधाराशिवाय उभं राहण्याइतकं बळ आप्पांच्या पायांत नव्हतं. म्हणून खाट.

दुकान आप्पांचंच. त्यांच्या काळात तिथे तराजू दुरुस्त व्हायचे, आता थोरली तिथे डिजिटल काटे जुळवायची. खाटेच्या चारही पायांखाली तिने एकेक लोडसेल बसवला.

"हा एवढासा तुकडा माझं वजन सांगणार?"

"भार आला की तो केसभर वाकतो. त्याची कुजबुज वायरीतून इकडे येते. हा अॅम्प्लिफायर ती मोठी करतो, मग आकडा दिसतो."

"म्हणजे बहिऱ्याच्या कानातलं यंत्र."

"तसंच समजा."

आप्पांच्या पेटीतली पितळी वजनं खाटेवर ठेवून तिने काटा जुळवला. आप्पा बारीक नजरेने बघत होते. अंगात त्यांची जुनी बंडी होती, बाजारात तराजू तपासत हिंडायच्या दिवसांतली, आतून बाहेरून खिसेच खिसे. भर उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची आणि बंडी ते धुवायलासुद्धा सोडत नसत.

"रिकाम्या काट्याने शून्य दाखवलं पाहिजे," ते म्हणाले. "आधी ते बघ."

"तुम्हीच शिकवलंय."

रिकाम्या खाटेने शून्य दाखवलं. पितळी वजनांची पेटी उशाशी फळीवर राहिली.

पहिल्याच आठवड्यात आकडा चढला. थोरलीने डॉक्टरांना फोन लावला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

"किती गं?" आप्पांनी विचारलं.

"वाढलं!" ती म्हणाली, पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखी.

गोळी वाढली, आकडा उतरला. नेमका त्याच सकाळी मुलीकडच्यांचा फोन आला, लग्न होणार नाही. आप्पांपासून हेही लपवायचं ठरलं. थोरली पाणी घेऊन आत गेली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"आज किती?"

"उतरलं," ती म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून वजन पुन्हा चढू लागलं. रोज थोडंथोडं. थोरली रोज हसून "वाढलं" म्हणायची आणि मागच्या दारी जाऊन फोन लावायची.

"पाय सुजलेत?" डॉक्टर विचारायचे.

"नाही. उलट काटक्या झाल्यात."

"दम लागतो?"

"नाही. पण तोंड कोरडं पडतं. चक्कर येते म्हणतात."

"आणि वजन वाढतंय? काटा नीट आहे ना?"

हा प्रश्न तिला झोंबला. आप्पा न्हाणीघरात गेले की ती खाटेखाली शिरायची. रिकामी खाट शून्य. दुकानातलं वीस किलोचं वजन ठेवलं, बरोबर वीस. उचललं, पुन्हा शून्य. तिने अॅम्प्लिफायर बदलला, वायरी बदलल्या. आप्पा काठी टेकत येऊन खाटेवर बसले की आकडा पुन्हा वाढलेलाच. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःलाच विचारलं, वेड तर लागलं नाही ना? डोळ्यांना माणूस वाळताना दिसतोय आणि काटा म्हणतोय भरतोय.

"ताई, तुझा काटा बहुतेक माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांकडचा आहे," धाकटा म्हणाला. "तोंडावर एक, मनात एक."

"माझा काटा खोटं बोलत नाही."

डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं. मग घेऊन या, ते म्हणाले. आप्पा ऐकेनात. "वजन वाढतंय ना? मग दवाखान्यात कशाला?" शेवटी डॉक्टर म्हणाले, पाणी कुठेतरी असणारच. गोळी आणखी वाढवा.

त्या संध्याकाळी आप्पांनी तिला जवळ बोलावलं.

"तू हसलीस की घर कसं उजळतं बघ."

"आप्पा, खरं सांगा, कसं वाटतंय?"

"तुझा काटा सांगतोय की. त्याच्यावर विश्वास नाही?"

"आहे."

"मग झालं. उद्या आणखी वाढेल."

सकाळी ते उठेनात. ओठ फुटलेले, नाडी हाताला लागेना. आकडा आजवरचा सगळ्यात मोठा होता. धाकट्याने गाडी दारात लावली. श्वास मोकळा व्हावा म्हणून घाईघाईत बंडी ओढून काढून खाटेवर टाकली, आप्पांना उचललं आणि तो जिना उतरला.

थोरली औषधांची पिशवी घ्यायला मागे वळली. खाट रिकामी होती. काटा शून्य दाखवत नव्हता.

म्हणजे काटाच बिघडलेला. इतके दिवस. तेवढ्यात धाकट्याने खालून हाक मारली. आप्पांना पांघरायला म्हणून तिने बंडी उचलली. हाताला ती धोंड्यासारखी लागली, आणि आकडा शून्यावर आला.

आतल्या खिशांत, आवाज होऊ नये म्हणून चिंध्यांत गुंडाळलेली, पेटीतली पितळी वजनं होती.

आप्पा गाडीतच गेले. धाकट्याच्या लग्नाची जी तारीख ठरली होती, तोच तो दिवस.