जावयाची पलटण

अमेरिकेतल्या यादवी युद्धात ओहायोतल्या गावकऱ्यांच्या पलटणीनं मतं टाकून एल्डनला कॅप्टन निवडलं, कारण लेकीनं कॅप्टनीण व्हावं, ही सासऱ्यांची हौस. पण पलटण म्हणजे बायकोचेच काका, मामा, भाऊ. जावयाचा हुकूम ऐकतो कोण? समोरच्या टेकडीवर दक्षिणेचे बंडखोर गुलामांकडून खंदक खणून घेत होते. "उठा, हल्ला करायचाय," एल्डन म्हणाला. "जावईबापू, कॉफी तर उकळू द्या," सासरे पडल्यापडल्या म्हणाले. एल्डन एकटाच निघाला. म्यानात गंजून बसलेली तलवार उपटत तो टेकडी चढू लागला. "अहो, थांबा, पोरीला काय तोंड दाखवू?" ओरडत सासरे मागे धावले. त्यांच्यामागे काका, मामा, मेहुणे. गलका ऐकून बंडखोर पळाले. कुदळ टाकून एक गुलाम खंदकातून वर आला. "सुटलो म्हणायचं. तुमच्यात हुकूम कुणाचा चालतो?" सासऱ्यांनी एल्डनच्या कोटावरची धूळ झटकली. "यांचा. जावई आहेत आमचे."