नानाजींच्या नावाचा गलका

नानाजी मंगल कार्यालयाच्या दारात पोहोचले, तेव्हा आतली शेदोनशे पोरं त्यांच्याच नावानं ओरडत होती.

"नानाजी! नानाजी!"

त्यांचा पाय उंबऱ्यातच थांबला. हिंगणघाटचं आपलं कापड दुकान नोकरावर सोपवून ते कामानिमित्त वर्ध्याला आले होते. रस्त्यात ओळखीचे रूपराव भेटले आणि म्हणाले, "तुमचा योगेंद्र दिसला जी मले. तिकडं कार्यालयात कॉम्प्युटरवर खेळून राह्यला, पोट्ट्या-पोट्टीइच्या संग." योगेंद्र नागपूरला इंजिनिअरिंगला होता. परीक्षा आहे, या रविवारी घरी येत नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

एरवी जिथं पंगती बसत तिथं आज खेळांच्या स्पर्धेसाठी टेबलं मांडली होती आणि टेबलांवर कॉम्प्युटर. पायात सगळीकडं वायरी. कूलर घरघरत होते, तरी पोरं घामानं भिजली होती. नागपूरची, यवतमाळची, अमरावतीची पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभी होती, एकाच पुड्यातले समोसे खात होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर बंदुका घेतलेले शिपाई पळत होते. त्यातल्या एकाच्या डोक्यावर इंग्रजीत नाव होतं. नानाजींनी अक्षर अक्षर जुळवून वाचलं. त्यांचंच नाव होतं.

तो शिपाई पळता पळता एका पिंपामागं जाऊन बसला.

"नानाजी लपले बे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

नानाजी गर्दीतून वाट काढत पुढं गेले. पहिल्याच रांगेत योगेंद्र बसला होता. कानांवर हेडफोन, ओठ दातांत धरलेले. त्यानं वर बघायच्या आत नानाजींचा हात त्याच्या गालावर बसला.

"बापाच्या नावाचा तमाशा लावला काय रे? परीक्षा हाय म्हनून सांगतं घरी, अन् इथं सगळ्याइले हासवून राह्यला?"

हेडफोन गळ्यात घसरले. पडद्यावरचा शिपाई पिंपामागं नुसता बसून राहिला. समोरून दोघं आले, त्यांनी त्याला गोळ्या घातल्या आणि तो पडला. त्यावर कुणी टाळी वाजवली नाही.

योगेंद्र उठला. "बाबा, चला," एवढंच म्हणाला. मग शेजारच्या चौघांकडं वळून म्हणाला, "माझ्यामुळं गेला बे डाव. सॉरी."

त्या चौघांत एक मुलगी होती. ती पाण्याची बाटली घेऊन नानाजींच्या समोर आली.

"काकाजी, मी गुंजन. याच्याच वर्गात आहे. पाणी घ्या."

"नको मले."

"ते नाव त्यानं नाही ठेवलं. आम्ही ठेवलं." ती बाजूला झाली नाही. "आम्ही हरायला लागलो की हा म्हणते, आमचे बाबा सांगतात, गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत कापडाचं थान गुंडाळू नये. प्रत्येक वेळी तेच. म्हणून आम्ही याला तुमच्याच नावानं नानाजी म्हणतो. पूर्ण होस्टेल म्हणते."

नानाजींनी बाटली हातात घेतली.

"अन् परीक्षा आहेच, काकाजी. हा येतच नव्हता. आम्हीच ओढून आणलं."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा, समोरच्या संघाचा दाढीवाला मुलगा उभा राहिला. पंचांना म्हणाला, "हा डाव धरू नका. असा नाही जिंकत आम्ही. पुन्हा खेळू."

"नाही, आम्ही निघतो," योगेंद्र म्हणाला.

"तू बस," नानाजी म्हणाले. "खेळ."

ते दाराकडं वळले, पण पोरांनी त्यांना जाऊ दिलं नाही. कुणीतरी स्टेजवरून नवरदेवाची लाल गादीची खुर्ची उचलून आणली आणि योगेंद्रच्या बरोबर मागं ठेवली. "बसा न काकाजी." नानाजी बसले. सगळा हॉल आपल्याला बघतो आहे असं त्यांना वाटत होतं. मान वर करून पाहिलं तर कुणीच बघत नव्हतं; सगळ्यांनी मुद्दाम नजरा पडद्याकडं वळवल्या होत्या. त्यांना ते जास्त लागलं.

खेळ सुरू झाला. नानाजींना त्यातलं काही कळत नव्हतं. पडद्याच्या उजेडात योगेंद्रचा गाल दिसत होता. त्याच्यावर बोटं उमटली होती. नानाजींनी तिकडून नजर काढली आणि पडद्यावर नेली. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की योगेंद्रचे सोबती एकेक करून पडत आहेत. गुंजनही पडली. आता एकटा नानाजी नावाचा शिपाई उरला होता आणि समोर दोघं. तो भिंतीला धरून सावकाश सरकत होता. नानाजी खुर्चीच्या कडेवर आले. बाटली त्यांच्या मुठीत चेपत गेली.

एक पडला. मग क्षणभर काहीच दिसलं नाही, नुसता धूर. धूर विरला तेव्हा दुसराही पडलेला होता.

हॉल फुटला. पोरं टेबलांवरून उड्या मारत आली, योगेंद्रच्या गळ्यात पडली. "नानाजी! नानाजी!" योगेंद्र तोंडभर हसत होता. असा हसताना नानाजींनी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते उठले आणि त्याच्या पाठीवर थाप द्यायला त्यांनी हात उचलला.

त्याच वेळी योगेंद्र मागं वळला. वर उचललेला हात त्याला दिसला. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं, मान खाली गेली आणि त्यानं दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.