भरदुपारची शुभ रात्री

दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, भुजंगरावांच्या घरात रात्र झाली.

पडदे सर्रकन मिटले. पोर्चमधला दिवा लागला. फाटकाचं कुलूप खटकन बसलं आणि भिंतीवरच्या स्पीकरमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "शुभ रात्री." राधेश्याम शेठ चहाचा कप हातात धरून अंधारात बसून राहिले. मोनालीला घाम फुटला.

कारण हे सगळं तिनंच बसवलं होतं. दिवे, पंखे, पडदे, पाण्याची मोटर, फाटक, सगळ्या घराचा कारभार बैठकीतल्या भिंतीवरच्या एका टॅबवर. लोकांच्या घरी असंच बसवून द्यायचा धंदा काढायला ती पुण्याची नोकरी सोडून परतूरला आली होती. चार महिन्यांत एक गिऱ्हाईक मिळालं नाही. बटण दाबायला आपापली बोटं पुरेशी आहेत, असं गावाचं मत पडलं. शेवटी भुजंगरावांनी लेकीला सांगून टाकलं, नोव्हेंबर संपायच्या आत एक तरी काम मिळव, नाहीतर पुण्याची गाडी धर. आज नोव्हेंबरची तीस तारीख होती, आणि जिनिंगवाले राधेश्याम शेठ नव्या बंगल्यासाठी नमुना बघायला स्वतः आले होते.

"शेठजी, काल अपडेट आल्तं. त्याचंच काहीतरी असंल. एक मिनिट." मोनालीनं टॅबवरचं 'दिवस' दाबलं. पडदे उघडले, ऊन आत आलं, शेठनी चहाचा घोट घेतला. बरोबर एका मिनिटानं पडदे पुन्हा मिटले.

"शुभ रात्री," बाई म्हणाली.

मोनालीनं टॅब बंद करून चालू केला. वायफायचा डबा बंद करून चालू केला. पुण्यातल्या संध्याला, जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीला, फोन लावला. संध्यानं अपडेटला मनसोक्त शिव्या घातल्या आणि जुनं सॉफ्टवेअर परत टाकायला सांगितलं. ते टाकायला अर्धा तास गेला. तेवढ्यात घरात नऊ वेळा रात्र झाली, दर रात्री डासांचं मशीन आपोआप चालू झालं आणि शेठना शिंकांवर शिंका आल्या. जुनं सॉफ्टवेअर चढलं. मोनालीनं देवाचं नाव घेतलं. मिनिटभरानं बाईनं शुभ रात्री म्हटलंच.

"रात झाली न्हवं? मंग ताटं वाढा," भुजंगराव स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. हसू दाबताना त्यांच्या मिशा हलत होत्या. खरं तर त्यांनाही वाईट वाटत होतं. पोरगी हरलेली त्यांना बघवत नव्हती, पण तसं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

शेठ उठले. "बेटा, मला जाऊ दे. जिनिंगवर कापसाच्या गाड्या उभ्या हायेत."

मोनालीनं 'दिवस' दाबलं. शेठ अंगानं चांगले भरलेले. ते चपला घालून, गुडघा धरत फाटकापाशी पोचेपर्यंत मिनिट संपलं आणि कुलूप खटकन बसलं. दोनदा असंच झालं. शेठ उन्हात उभे राहून मुकाट्यानं कुलपाकडे बघू लागले. मोनालीला रडू आलं. काम तर गेलंच होतं, आता गिऱ्हाईकही कोंडून ठेवलं होतं.

तेवढ्यात भज्यांची ताटली घेऊन नंदाबाई बाहेर आल्या. "काय झालं गं? एवढं तोंड का उतरलं?"

"आई, मशीनला वाटून राह्यलं का अंधार पडला."

"असं कसं वाटंल? एवढं ऊन पडलंय! तू म्हणली व्हतीस ना, पोर्चमंदी त्याचा डोळा हाय, त्यानं दिसतं त्याला सगळं?"

मोनाली एकदम थांबली. मघापासून दोष अपडेटचा, म्हणून डोळ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. ती खुर्ची ओढून वर चढली. छताखाली एक पांढरी गोल डबी होती. डबीच्या मधोमध उजेड ओळखणारी इवलीशी काच, आणि त्या काचेवर बोटभर जाड हळद, त्यावर कुंकू, कुंकवावर चार तांदूळ.

"आई!"

"वरडतीस कशाला? काल तूच सांगितलंस, अपडेट आलं, मशीन एकदम नवं झालं म्हणून. मंग नव्या वस्तूला हळदीकुंकू न लावता कसं चालंल? टॅबला तू हात लावू देत न्हाईस, म्हणून मघाशी शेठजींना चहा दिला अन् हळूच बाहेर येऊन डोळ्याला लावलं. एवढे मोठे शेठजी आलेत, तुझं काम व्हावं म्हणून लावलं गं."

 मोनालीनं ओढणीच्या टोकानं काच पुसली. पोर्चचा दिवा विझला, पडदे उघडले आणि फाटकाचं कुलूप सुटलं.

शेठ मात्र गेले नाहीत. ते मोनालीच्या ओढणीवरच्या लाल-पिवळ्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "मुनीमजी, दसऱ्याची पूजा झाल्यापासून जिनिंगच्या एकाही कॅमेऱ्यात काही दिसंना म्हणता ना? कंपनीचा माणूस चार वेळा येऊन गेला ना? त्याला आता येऊ नको म्हणा. शिडी घ्या, अन् ओला फडका घ्या."

मोबाईल खिशात ठेवून ते मोनालीकडे वळले.

"बंगल्याचं काम तुझंच, बेटा. अट एकच हाय. अपडेट आलं तर मला सांग, मुनीमजीला सांग, पण आमच्या माँजींना बिलकुल कळू देऊ नको."