ओहोटीआधीची बोट

“आधी गाडी काढायला सांग गो बाय! औषध वाटेत दे!” यशवंत ओरडला, तशी दोन वर्षांची गौरवी आणखीच रडू लागली. रडली की खोकला. आणि खोकला तरी कसला, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा. श्वास आत घेताना घशात करकर वाजत होती.

तेरेखोलच्या धक्क्यावर बोट चालवणाऱ्या बाबलीनं त्यांच्यासाठी फेरीबोट धरून ठेवली होती. हॉस्पिटल खाडीपलीकडे, आणि ओहोटी लागत होती. ही खेप गेली की दुपारपर्यंत बोट नाही. यशवंत त्याच बोटीवरचा खलाशी, त्याला हे कुणी सांगायला नको होतं. आणि अँब्युलन्सवाली रूपाली? ती आपली त्याच्या ओट्यावर औषधाची बाटली घेऊन बसली होती.

“आवाज नको, यशवंतबाब. ती रडली की घसा आणखी आवळतो.”

पहिला घोट गौरवीनं थुंकून टाकला. रूपाली थांबली. गौरवीच्या आईला, विनिताला म्हणाली, “लेकीला मांडीवर सरळ बसव आणि तो माडावरचा कावळा दाखव.” यशवंतचं डोकंच चालेना. इथं पोरीला श्वास मिळत नाही आणि ही बाई कावळे काय दाखवते?

“औषध तरी कसलं ते?”

“स्टेरॉइड. घशाची सूज उतरते.”

“स्टेरॉइड? जिमवाले घेतात ते?”

“ते वेगळं, हे वेगळं.”

धक्क्यावरून भोंगा वाजला. पुन्हा वाजला. यशवंतनं हात जोडले. “बाय, पाया पडतो तुझ्या. गेल्या वर्षी कुणाच्या तरी पोरासाठी मी दहा मिनिटं बोट धरून ठेवली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आज माझ्याच पोरीची बोट चुकवू नको!”

रूपालीचा हात जरा थांबला. मग तिनं औषध पुन्हा मोजून घेतलं. या खेपेला गौरवीनं ते गिळलं. तेवढ्यात तिसरा भोंगा झाला आणि बोट सुटली.

आता रस्त्यानं रेडी, आरोंदा, मग खाडीवरचा पूल. तासाभराचा वळसा. यशवंत गाडीत दातओठ खात बसला. रेडी गाव मागे पडलं तरी करकर तशीच. मनातल्या मनात त्यानं रूपालीला नाही नाही ते बोलून घेतलं.

आरोंद्याच्या पुलावर गाडीत एकदम शांत झालं. यशवंत दचकून पुढे वाकला. त्यानं पोरीच्या तोंडाशी कान नेला. श्वास चालू होता, सरळ, मोकळा. गौरवीनं बापाचा कान धरून ओढला.

आता रडावं की भांडावं, त्याला कळेना. त्यानं भांडायचं ठरवलं.

“एवढंसं तर औषध! बोटीत चढून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?”

रूपालीनं औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं.

“तुम्ही बोट धरून ठेवलीत ना, त्या पोराबरोबर मीच होते. त्याचा खोकला असाच. औषध माझ्या पिशवीत होतं. म्हटलं, आधी बोट गाठू, औषध पलीकडे गेल्यावर देऊ.”

“मग?”

“बोट तेवढी मिळाली, यशवंतबाब.”