काचपट्टी
लोणीजवळच्या मऊ काळ्या मातीत रेल्वेचा नवा भराव खचू नये, म्हणून खालच्या खडकापर्यंत खांब ठोकत होते. त्या हादऱ्यांनी शेजारच्या हिराबाईंच्या भिंतीला तडा गेला. इंजिनिअर आमोदनं तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवून बजावलं, “तडा वाढला की ही फुटेल. मग घर सोडायचं, आजी.” आज तो पाहायला आला. “बघा की, शाबूत हाय,” हिराबाई घाईनं म्हणाल्या. पट्टी खरंच अखंड होती. तो निघाला, तेवढ्यात त्याला त्यांच्या नवऱ्याचा फोटो दिसला. फ्रेमला काच नव्हती. “आजी, पट्टी कधी बदललीत?” “तुमच्या गाडीला खडक मिळाला, सायेब. मी कुठं जाऊ?” बाहेर खांबावर घण आदळला. भिंत थरथरली आणि नवी पट्टीही त्याच्यासमोर टिचली. घरात काच असलेली आता एकच तसबीर उरली होती, बुद्धांची. हिराबाईंनी तिला हात जोडले. मग ती खुंटीवरून हळूच उतरवली.